अर्देशिर खुर्शेदजी वाडिया : मुंबईतील यंत्रविद्येचा एक खंडित प्रारंभ

प्रस्तावना

भारतीय विज्ञानाच्या इतिहासात अर्देशिर खुर्शेदजी वाडिया (१८०८–१८७७) यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेलेले ते पहिले भारतीय, हे ते वाक्य होय. ही निवड २७ मे १८४१ रोजी झाली. त्यानंतर दुसऱ्या भारतीयाला, म्हणजे श्रीनिवास रामानुजन यांना, हा मान मिळण्यास १९१८ साल उजाडावे लागले. सत्त्याहत्तर वर्षांचे हे अंतर लक्षवेधक आहे यात शंका नाही. परंतु त्यावरच दृष्टी खिळल्यामुळे अर्देशिर यांच्या आयुष्यातील अधिक महत्त्वाची घटना झाकोळून गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यात, म्हणजे फेलोपदाच्या आधीच, त्यांनी मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या वाफयंत्र कारखान्याचे व ओतशाळेचे मुख्य अभियंता म्हणून सूत्रे हाती घेतली होती. त्यांच्या हाताखाली युरोपीय फोरमन, अभियंते व बॉयलर बनविणारे कारागीर होते. एका भारतीय माणसाने यंत्राच्या ज्ञानाच्या बळावर गोऱ्या कामगारांवर अधिकार चालवावा, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईला रॉयल सोसायटीच्या सन्मानापेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करणारी होती.

हा अधिकार त्यांना कसा मिळाला, सोळा वर्षे तो त्यांनी कसा सांभाळला आणि त्यांच्यामागे त्याची परंपरा का निर्माण झाली नाही, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. त्यांतील तिसरा प्रश्न आपल्यासारख्या अध्यापन करणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा ठरावा.

लाकडाकडून वाफेकडे

वाडिया घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेचे. १७३६ साली कंपनीने त्यांना जहाजबांधणीसाठी मुंबईस आणले. त्यानंतरच्या शतकभरात या घराण्याने मलबारच्या सागवानातून बांधलेली जहाजे इंग्रजी आरमारात नावाजली गेली. १८१० मधील ‘मिंडेन’ आणि १८१७ मधील ‘त्रिंकोमाली’ ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. मुंबईचे सागवान व मुंबईचे हात यांचा याहून बोलका पुरावा कोणता असणार!

या परंपरेत ज्ञान पित्याकडून पुत्राकडे, वापरल्या जाणाऱ्या हत्यारांबरोबरच जात असे. अर्देशिर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी झाला. त्यांचे वडील खुर्शेदजी रुस्तमजी हेही गोदीतच जहाजबांधणीचे काम करीत. घराण्याच्या रीतीप्रमाणे वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, अर्देशिर गोदीत दाखल झाले. परंतु त्यांचे मन लाकडापेक्षा यंत्रात अधिक रमले. काळही त्याला अनुकूल होता. १८२९ साली मुंबईच्या गोदीतून ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली आणि २० मार्च १८३० रोजी तिने सुएझकडे प्रयाण केले. बोट मुंबईत बांधलेली असली, तरी तिची यंत्रे इंग्लंडहून आणलेली होती. तिच्यात कोळशाची सोय जेमतेम साडेपाच दिवसांची होती. एडनपर्यंतच्या प्रवासाला मात्र अकरा दिवस लागणार होते. म्हणून मिळेल त्या जागेत, प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा, कोळसा भरण्यात आला. एडन गाठले तेव्हा तिच्यात अवघ्या काही तासांपुरता कोळसा शिल्लक होता.

या एका प्रवासात पुढील पंचवीस वर्षांच्या मुंबईतील यंत्रविद्येचे सारे प्रश्न दिसून येतात. त्या काळी आगबोटींच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी वापरले जाई. पाण्याची वाफ झाली की मिठाचे व क्षारांचे थर आत साचत. मग पत्रा अवाजवी तापून कमकुवत होई आणि कोळसाही अधिक जळे. ठरावीक वेळाने आतले खारे पाणी बाहेर सोडून द्यावे लागे, म्हणजे तापविलेल्या पाण्यातील उष्णताही वाया जाई. इतके करूनही बॉयलर काही वर्षांतच निकामी होत. दुरुस्तीसाठी बोट प्रत्येक वेळी आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला पाठविणे शक्य नव्हते. त्यामुळे पत्रे कापणारे, रिवेट मारणारे, बिडाचे ओतकाम करणारे आणि या सर्वांचे गणित समजणारा प्रमुख मुंबईतच असणे ही कंपनीची गरज होती. लाकडी जहाज बांधणाऱ्या घराण्याचे पिढीजात कसब येथे पुरेसे नव्हते. अर्देशिर यांनी हे ओळखले, हे त्यांचे पहिले मोठेपण.

माझगावातील प्रयोग

अर्देशिर यांना वाफयंत्र शिकविणारी कोणतीही शाळा मुंबईत नव्हती. त्यांनी प्रथम एक अश्वशक्तीचे लहानसे वाफयंत्र स्वतः तयार केले आणि ते विहिरीचे पाणी उपसण्यास लावले. हे यंत्र आकाराने खेळण्यासारखेच म्हणावे लागेल. परंतु दट्ट्या व नळकांडे यांचा मेळ सुताइतक्या अचूकतेने बसविल्याखेरीज एक अश्वशक्तीदेखील मिळत नाही, हे कार्यशाळेत हात काळे केलेल्या कोणासही ठाऊक असते. १८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडस’ नावाचे सुमारे साठ टनांचे समुद्रगामी जहाज बांधले व त्यात वाफयंत्र बसविले.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी माझगाव येथील आपला बंगला व बाग वायूच्या दिव्यांनी उजळविली. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः ते पाहण्यास आले आणि त्यांनी अर्देशिर यांचा मानाचा पोशाख देऊन गौरव केला. मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे येण्यास त्यानंतर तीन दशके लागली. चरित्रकारांना हा प्रसंग फार प्रिय आहे आणि तो आकर्षक आहेही. तथापि कोळशाच्या वायूने दिवे लावणे हा तोपर्यंत इंग्लंडमध्ये रुळलेला प्रकार होता. तो येथे उभा करण्यात कौशल्य होते, नवा शोध नव्हे. विलायतेत पाहिलेली नव्हे, तर वाचलेली गोष्ट माझगावात चालू करून दाखविणे, हा त्यांच्या प्रयोगांचा खरा विशेष होता.

याच दशकात मुंबईत आणखी एक प्रवाह वाहत होता. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’ सुरू केले व पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांवरील संवादरूप पुस्तके मराठीत आणली. वाफेचे, उष्णतेचे व दाबाचे नियम मराठी वाचकास छापील पानावर प्रथम भेटले ते याच सुमारास. म्हणजे एकीकडे ग्रंथांतून तत्त्व येत होते, तर दुसरीकडे माझगावात तेच तत्त्व लोखंडात उतरत होते. दोन्ही स्थळांमधील अंतर फार तर एक-दोन कोसांचे. पण ग्रंथ लिहिणारे हात आणि लोखंड घडविणारे हात यांच्यामध्ये जातिव्यवस्थेने व व्यवसायविभागणीने निर्माण केलेले अंतर फार मोठे होते. या दोन्ही बाजूंना वावर असलेली जी मोजकी माणसे तेव्हाच्या मुंबईत होती, त्यांत अर्देशिर यांची गणना करावी लागते. हे अंतर मिटविणारी संस्था मात्र उभी राहिली नाही.

इंग्लंडचा प्रवास आणि १८४१ ची नेमणूक

वाफयंत्राचे प्रगत ज्ञान मिळविण्यासाठी अर्देशिर १८३९ मध्ये तांबड्या समुद्राच्या मार्गाने इंग्लंडला गेले. त्यापूर्वी वर्षभर, १८३८ मध्ये, त्यांच्याच कुळातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेहेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणी शिकण्यासाठी तेथे पोहोचले होते. अर्देशिर यांची या प्रवासाची व वर्षभराच्या वास्तव्याची दैनंदिनी १८४० मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. त्या दोघांचे पुस्तक १८४१ मध्ये आले. भारतीय माणसाने औद्योगिक इंग्लंडकडे कसे पाहिले, हे समजून घेण्यासाठी ही दोन्ही पुस्तके एकत्र वाचण्यासारखी आहेत. राजवाडे आणि नाटकगृहे यांची वर्णने अनेक प्रवाशांनी केली. या वाडियांना मात्र गोद्या, कारखाने व आगगाड्या यांचेच आकर्षण अधिक होते.

इंग्लंडमध्ये अर्देशिर यांना सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेचे सहसदस्यत्व मिळाले. रॉयल सोसायटीसाठी त्यांचे नाव सुचविणाऱ्यांनी जहाजबांधणीच्या शास्त्रातील व प्रत्यक्षातील त्यांच्या नैपुण्याचा, मुंबईत वायूचे दिवे आणल्याचा आणि साठ टनांच्या जहाजावर वाफयंत्र बसविल्याचा उल्लेख केला. म्हणजे संशोधनपर निबंधांसाठी नव्हे, तर करून दाखविलेल्या कामासाठी त्यांची निवड झाली. त्या काळी सोसायटीचे सभासदत्व आजच्याइतके काटेकोर नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. गौरवाच्या भरात या तपशिलाकडे दुर्लक्ष होते.

मुंबईतील नेमणुकीचे मोल यापेक्षा वेगळ्या मापाने मोजावे लागते. अर्देशिर यांच्या हाताखाली एक मुख्य साहाय्यक, चार युरोपीय फोरमन, सुमारे शंभर युरोपीय अभियंते व बॉयलर-कारागीर आणि सुमारे दोनशे देशी कारागीर होते. ‘बॉम्बे टाइम्स’ने या नेमणुकीस हरकत घेतली. एतद्देशीय मनुष्य कितीही हुशार व शिकलेला असला, तरी अशा मोठ्या कारखान्यातील युरोपियनांवर हुकूम चालविण्यास तो योग्य नाही, असा त्या टीकेचा आशय होता. या युक्तिवादाची जात ध्यानात घेण्यासारखी आहे. अर्देशिर यांना यंत्र कळत नाही, असा आक्षेपच नव्हता. ज्ञान मान्य होते. त्या ज्ञानामुळे येणारा अधिकार मान्य नव्हता. वसाहतकालीन तांत्रिक नोकऱ्यांच्या इतिहासात हा भेद पुढे शंभर वर्षे वेगवेगळ्या रूपांनी भेटत राहतो.

ओतशाळेतील सोळा वर्षे

टीकेनंतरही अर्देशिर १८५७ पर्यंत या पदावर राहिले. कारखान्याच्या प्रमुखाचा अधिकार कागदावर मिळतो, पण तो टिकतो यंत्रापाशी. बॉयलरचा पत्रा किती झिजला आहे, शिवण पुन्हा ठोकून भागेल की पत्राच बदलावा लागेल, दट्ट्याची फट किती ठेवावी, ओतकामात पोकळी राहिली आहे काय, हे निर्णय दररोज घ्यावे लागत आणि ते चुकल्यास माणसे भाजून मरत. अशा ठिकाणी हाताखालच्या कारागिराची नाखुशी फार काळ टिकत नाही. प्रमुखाचा निर्णय बरोबर ठरतो की चुकतो, हे तो स्वतःच पाहत असतो. कंपनीचे आरमार या सबंध काळात आगबोटींवर अधिकाधिक विसंबत गेले आणि तरीही अर्देशिर यांना हटविण्याची गरज कंपनीला वाटली नाही, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

१८४९ मध्ये ते पुन्हा परदेशी गेले. या वेळी ते अमेरिकेलाही पोहोचले व तेथून लाकूड कापण्याची यंत्रे त्यांनी गोदीसाठी आणली. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची पद्धत मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

त्यांच्या कामाचा कळस म्हणजे १८५१ मध्ये पाण्यात उतरलेली ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट. तिच्या यंत्राचे भाग अर्देशिर यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. ‘ह्यू लिंडसे’ची यंत्रे विलायती होती, बावीस वर्षांनी मुंबईत बांधलेल्या बोटीचे यंत्रही मुंबईचेच होते. बोटीला मूळ पुरुषाचे नाव देण्यात त्यांनी सागवानाची परंपरा आणि वाफेची विद्या यांची सांगड घातली, असे म्हणता येईल. रॉयल सोसायटीच्या वहीतील स्वाक्षरीपेक्षा अर्देशिर यांचे स्मारक म्हणून ही बोट अधिक शोभली असती. दुर्दैवाने ‘त्रिंकोमाली’प्रमाणे ती आज पाहता येत नाही.

परंपरा का निर्माण झाली नाही?

‘लवजी फॅमिली’ पाण्यात उतरल्यानंतर तीनच वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. वाफयंत्र बनवू शकणारी ओतशाळा त्याच शहरात होती. तरी गिरणीची यंत्रे लँकेशायरहून आली व ती बसविणारे, चालविणारे तंत्रज्ञही तेथूनच आले. भांडवलदारांना यासाठी दोष देणे सोपे आहे. परंतु कंपनीची ओतशाळा ही आरमाराच्या दुरुस्तीसाठी होती. बाजारासाठी यंत्रे बनविणे हा तिचा उद्देशच नव्हता. लँकेशायरचे कारखानदार यंत्राबरोबर माणसे आणि सुटे भागही पुरवीत. नफ्याच्या हिशेबाने पाहता दावर यांचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. मात्र त्या निर्णयामुळे मुंबईच्या औद्योगिकीकरणाची एक दिशा ठरून गेली. यंत्रे वापरणारे शहर म्हणून मुंबई वाढली. यंत्रे घडविणारे शहर होण्याची तिची संधी लांबणीवर पडली.

दुसरे कारण शिक्षणाचे. पुण्यात १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग व यंत्रशाळा निघाली, पण तिचा मुख्य हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम कर्मचारी तयार करणे हा होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अर्देशिर सेवानिवृत्त झाले. हा योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. नव्या विद्यापीठाने परीक्षा आणि पदव्या दिल्या. ज्या माणसाजवळ पंचवीस वर्षांचा यंत्रानुभव होता, त्याच्यासाठी त्या रचनेत जागा नव्हती. यंत्रविद्येचे पद्धतशीर शिक्षण देणारी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत सुरू झाली ती १८८७ साली, म्हणजे अर्देशिर यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी.

आणि तेथेही जुना भेद संपला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्ररेखन शिकवीत असत. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन व्यक्तीस देण्यात आली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगावची वाट धरली. पुढे लोखंडी नांगर व १९१० मधील किर्लोस्करवाडी हा इतिहास मराठी वाचकास परिचित आहे. १८४१ मध्ये वृत्तपत्री टीकेला न जुमानता जे सरकारी पद एका भारतीयास मिळाले होते, तशा प्रकारचे पद अर्धशतकानंतर सरकारी सत्तेच्या छायेतील संस्थेत मिळणे अधिकच अवघड झाले होते. १८५७ नंतर वांशिक भेद अधिक घट्ट झाले, हे अन्य क्षेत्रांतील संशोधनाने पुढे आणले आहेच. यंत्रशाळाही त्याला अपवाद नव्हत्या.

तिसरे कारण खुद्द जहाजव्यवसायातच होते. लोखंडी जहाजांनी सागवानाचे महत्त्व संपविले, १८५० च्या दशकात सुएझची टपाल वाहतूक पी अँड ओ कंपनीकडे गेली आणि १८६३ मध्ये कंपनीच्या काळापासून चालत आलेले आरमार बरखास्त झाले. ज्या आरमारासाठी ओतशाळा उभी राहिली होती, तेच नाहीसे झाले.

अर्देशिर १८६१ मध्ये पुन्हा कामावर परतले, पण मुंबईत नव्हे. सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवर आगबोटी चालविणाऱ्या कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी सुमारे दोन वर्षे काम पाहिले. १८६८ पासून ते लंडनजवळच्या रिचमंड येथे स्थायिक झाले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मुंबईत त्यांची पत्नी आवाबाई व मुले होती. इंग्लंडमधील त्यांचा संसार मेरियन बार्बर या इंग्रज स्त्रीबरोबरचा होता. पूर्वीच्या चरित्रपर लेखनाने ही दुसरी बाजू संकोचाने टाळली. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उलट उत्तर आयुष्य त्यांनी मुंबईऐवजी रिचमंडला का काढले, याचे काहीसे उत्तर तेथे मिळते.

भारत सरकारने १९६९ मध्ये अर्देशिर यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यासाठी २७ मे हाच दिवस निवडण्यात आला, म्हणजे स्मरण झाले ते पुन्हा फेलोपदाचेच. कंपनीच्या ओतशाळेतील दोनशे देशी कारागीर कोण होते, ते कोणत्या गावांतून व जातींतून आले होते, युरोपीय बॉयलर-कारागिरांकडून ते काय शिकले आणि आरमार बरखास्त झाल्यावर गिरण्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत त्यांतील किती जण गेले, हे प्रश्न कोणत्याही टपाल तिकिटावर मावणारे नाहीत. मुंबई सरकारच्या सागरी खात्याचे दप्तर मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात आहे. पगारपत्रके आणि नेमणुकांचा पत्रव्यवहार यांवरून मुंबईच्या यंत्रकामगारांच्या पहिल्या पिढीचा शोध घ्यावयाचा, तर आरंभ त्या दप्तरापासून करावा लागेल.